सूनबाईंच्या मूळपुरुषाचा माग: अमेरिकेच्या जुन्या जमीन-दप्तरात नऊ महिने

सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात मी चौतीस वर्षं मोजणीचं काम केलं. निवृत्तीनंतर मुलाकडे इंडियानात येऊन राहिलो. सूनबाई इथलीच. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात: मूळपुरुष केंटकीहून ओहायो नदी ओलांडून आला आणि दक्षिण इंडियानात जंगल तोडून त्याने शेत केलं. कधी आला, जमीन नेमकी कोणती, त्याचा बाप कोण, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. विहीणबाईंकडे घरच्या बायबलातलं एक पान आहे. त्यावर मुलांच्या जन्मतारखा, बापाचं पूर्ण नाव आणि आईचं नुसतं पहिलं नाव. नातवाच्या बारशाला त्यांनी ते पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जमिनीचे कागद वाचणारे. बघा काही लागतंय का."

तेव्हापासून नऊ महिने मी रोज दोन-तीन तास याच कामात घालवतो आहे. सून किंवा जावई तिकडचे, अशी मराठी घरं आता पुष्कळ झाली आहेत, आणि नातवंडं दोन्ही बाजूंचं विचारणारच. म्हणून कोणतं साधन किती उपयोगी पडलं ते सविस्तर लिहितो.

पहिले दोन महिने नाव धरून शोधलं, ते जवळजवळ वाया गेले. एका सशुल्क संकेतस्थळाची वर्गणी भरली. नाव टाकलं की ते तयार वंशावळच पुढे ठेवतं: हा बाप, हा आजा, थेट इंग्लंडपर्यंत. मी हरखून गेलो. विहीणबाईंना फोन करून सांगूनही टाकलं. मग तारखा जुळवायला बसलो, तर १८२० साली हाच माणूस एकाच वेळी इंडियानात आणि टेनेसीत! एका नावाची दोन माणसं कुणीतरी एक केली होती आणि बाकीच्या शेकडो लोकांनी तीच नक्कल उतरवून घेतली होती. विहीणबाईंना पुन्हा फोन करून "ते चुकलं" असं सांगावं लागलं, ते मनाला फार लागलं. वर्गणी बंद केली तरी पुढच्या महिन्याचे पैसे कापले गेलेच. कार्ड देण्याआधी आपोआप नूतनीकरणाची अट वाचून घ्या.

त्या काळात नाव ही फार कच्ची खूण आहे. आमच्या मूळपुरुषाचं आडनाव मला आतापर्यंत सात प्रकारे लिहिलेलं सापडलं, कारण कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. नावापुढे 'सीनिअर' आणि 'ज्युनिअर' दिसलं की आपण बाप-लेक समजतो. तेव्हा त्याचा अर्थ त्या काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) थोरला आणि धाकटा एवढाच असे. चुलता-पुतण्या असतील किंवा काहीच नातं नसेल.

तेव्हा नाव सोडलं आणि जमीन धरली. माणूस गाव बदलतो, आडनावाचं स्पेलिंग बदलतो. जमीन आहे तिथेच राहते. सातबाऱ्यावरून फेरफारावर आणि फेरफारावरून वारसनोंदीवर जायची सवय हातात होतीच.

इथे पहिलं आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं साधन म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं 'जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स'. सरकारी आहे, फुकट आहे, नोंदणीसुद्धा लागत नाही. केंद्र सरकारने लोकांना दिलेल्या पन्नास लाखांहून जास्त पट्ट्यांची, म्हणजे जमिनीच्या मालकीहक्काच्या कागदांची, दफ्तरी नोंद त्यावर आहे. नावाने शोधता येतं, पण खरी ताकद जमिनीच्या वर्णनाने शोधण्यात आहे. १७८५ च्या कायद्याने ओहायो नदीपलीकडचा मुलूख सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा टाउनशिपांत मोजायचं ठरलं. एका टाउनशिपमध्ये एक-एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे ३६ सेक्शन. त्यातला सोळावा शाळेसाठी राखलेला. सेक्शनचे नंबर ईशान्य कोपऱ्यापासून पश्चिमेकडे जातात, सहाच्या खाली सात येतो आणि तिथून पुन्हा पूर्वेकडे, नांगराचे बैल वळावेत तसे. आमच्याकडे गट नंबर कळला की काम झालं. इथे सेक्शन, टाउनशिप (उत्तर-दक्षिण क्रमांक) आणि रेंज (पूर्व-पश्चिम क्रमांक) हे तीन आकडे आणि ते ज्या मुख्य रेषेपासून मोजले ती रेषा कळली की त्या सेक्शनला जगात दुसरं नाव उरत नाही.

मोजणीची साखळी पाहून तर मला घरी आल्यासारखं वाटलं. त्यांची गंटरची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. आमची ३३ फुटांची, सोळा आण्यांची; ३३ बाय ३३ झाला गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे त्यांची एक साखळी आमच्या बरोबर दोन साखळ्यांची, आणि त्यांचे दहा चौरस साखळ्यांचा तोच एकर. दोन्ही साखळ्या इंग्रजी मापातूनच निघालेल्या. मी कागदावर गुंठ्यात हिशोब करून पाहिला, पै न्‌ पै जुळला.

या संकेतस्थळावर आमच्या माणसाचा पट्टा सापडला तो १८२७ चा, ८० एकरांचा. घरची गोष्ट मात्र १६० एकरांची आणि खूप आधीची. विहीणबाईंना वाटलं आजोबांनी फुगवून सांगितलं असेल. तसं नव्हतं. १८२० पर्यंत सरकार जमीन उधारीवर विकत असे: एकराला दोन डॉलर, चौथा हिस्सा सुरुवातीला, बाकी चार वर्षांत. १६० एकरांचे ३२० डॉलर. जमीन मागताना विसावा हिस्सा, म्हणजे १६ डॉलर ठेवायचे आणि चाळीस दिवसांत ६४ डॉलर भरून पहिला हप्ता पुरा करायचा. पुढे १८१९ च्या मंदीत हजारोंचे हप्ते थकले. मग १८२१ च्या कायद्याने अशी सोय केली की थोडी जमीन परत करा आणि भरलेले पैसे उरलेल्या जमिनीत वळते करून घ्या. अब्राहम लिंकन यांचे वडील थॉमस यांचंही हेच झालं. १८१७ साली त्यांनी इंडियानातल्या व्हिन्सेन्सच्या सरकारी जमीन-कचेरीत १६० एकरांची मागणी नोंदवली आणि १८२७ साली अर्धी जमीन सोडून ८० एकरांचा पट्टा घेतला. आमच्या माणसाची मूळ मागणी १८१८ ची, त्याच कचेरीतली, १६० एकरांचीच निघाली. आजोबा खरं सांगत होते. हे सांगायला केलेला तिसरा फोन माझ्या कायम लक्षात राहील.

तर ध्यानात ठेवा: पट्ट्याची तारीख ही माणूस आल्याची तारीख नव्हे. मागणी कधी नोंदवली ते पाहायला कचेरीचं ट्रॅक्ट बुक, म्हणजे सेक्शनवार नोंदवही, लागते. आणखी एक गोष्ट. पट्ट्यावर राष्ट्राध्यक्षांची सही दिसते म्हणून ती चौकटीत लावू नका. पडद्यावर दिसते ती दफ्तरातली नोंद, सगळी कारकुनाच्या हातची. सहीचा मूळ कागद खातेदाराला दिलेला असे.

नदीपलीकडे केंटकीत गेलो आणि हा सगळा सरळपणा संपला. केंटकी ही आधी व्हर्जिनियाची जमीन, केंद्र सरकारची कधीच नव्हती, म्हणून वरच्या संकेतस्थळावर तिचं काहीच नाही. तिथे मोजणी चतुःसीमेची: पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून ईशान्येस इतके पोल, दोन शुगर मेपलपर्यंत, तिथून ओढ्याच्या वळणाने खाली. पोल म्हणजे साडेसोळा फूट, आमची अर्धी साखळी. झाड पडलं की खूण गेली. एकाच जमिनीवर तीन-तीन दावे बसायचे. डॅनिएल बूनसारख्या वाट पाडणाऱ्या माणसालासुद्धा तिथली जमीन टिकवता आली नाही, आणि लिंकन यांनीही वडिलांनी केंटकी सोडल्याचं मुख्य कारण जमिनीच्या हक्कांचा घोळ हेच सांगितलं आहे. आमच्या मूळपुरुषानेही नदी का ओलांडली असेल, हे मला तिथे कळलं.

केंटकी लँड ऑफिसच्या संकेतस्थळावर वॉरंट (जमीन मोजून घेण्याचा हुकूम), मोजणी आणि ग्रँट (जमीन दिल्याची सनद) यांच्या प्रती पाहायला मिळतात. मोजणीची प्रत उघडाच. नुसतं ग्रँटचं नाव पाहून बंद केलं असतं, तर माझ्या हातून सर्वांत मोठी गोष्ट निसटली असती. ग्रीन नदीच्या दक्षिणेकडच्या एका ओढ्यावरची मोजणी, कागद पिवळा, अक्षर आपल्या मोडीसारखं हात न उचलता ओढलेलं. खाली मोजणीदाराची सही आणि त्याखाली दोन नावं, पुढे 'सी. सी.'. चेन कॅरिअर, म्हणजे साखळी धरणारे. त्यातलं दुसरं नाव आमच्या मूळपुरुषाचं होतं. ज्याची जमीन मोजली त्याचं आडनावही तेच. मीही खात्यात लागायच्या आधी वडिलांच्या मागे साखळीचं टोक धरून बांधाबांधाने फिरलो आहे. काट्याकुट्यातून ती ओढताना तळहाताला कड्या कशा लागतात ते मला माहीत आहे. मी सूनबाईला हाक मारली. ती नातवाला कडेवर घेऊन आली आणि आम्ही तिघं बराच वेळ त्या दोन अक्षरांकडे बघत राहिलो.

साखळी धरणारे बहुधा घरचे किंवा शेजारचेच असत, पण तेवढ्याने बाप-लेक सिद्ध होत नाही. पुरावा मिळाला फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या पूर्ण-मजकूर शोधात. हस्ताक्षर यंत्राने वाचून प्रत्येक शब्द शोधता येईल अशी ही सोय २०२४ मध्ये सुरू झाली. खातं उघडावं लागतं, पैसे नाहीत. जुन्या खरेदीखतांच्या सूचीत बऱ्याचदा फक्त पहिल्या विकणाऱ्याचं नाव असतं, बाकीचे 'व इतर' मध्ये गडप. मी आडनाव टाकलंच नाही. ओढ्याचं नाव, मूळपुरुषाचं पहिलं नाव आणि 'वारस' या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकला. १८३८ चं खत निघालं: मयताची सहा मुलं बापाची केंटकीतली जमीन विकतात, आणि चौथा मुलगा 'इंडियाना राज्यातील अमुक काउंटीचा रहिवासी'. एका ओळीत बाप, भावंडं, ओढा आणि इंडियाना. यंत्राने आडनाव भलतंच वाचलं होतं, म्हणून नावाने शोधणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं. जागेच्या नावाने शोधा, शेजाऱ्यांच्या नावाने शोधा, साक्षीदारांच्या नावाने शोधा.

बापाचं नाव पक्कं झाल्यावर त्याची पेन्शनची फाइल पाहिली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या बहुतेकांना १८३२ च्या कायद्याने पेन्शन मिळू लागलं, आणि त्यासाठी म्हाताऱ्याला कोर्टात शपथेवर सांगावं लागे: जन्म कुठे, कोणत्या साली, सैन्यात गेलो तेव्हा कुठे राहत होतो, नंतर कुठे कुठे राहिलो. नॅशनल आर्काइव्ह्जच्या सूचीत या फाइली फुकट वाचता येतात. सही करता येत नव्हती, तिथे फुली आहे. व्हर्जिनियात जन्म, मग कंबरलँडच्या खिंडीतून केंटकी, हा सगळा प्रवास त्याने स्वतः सांगितलेला.

जनगणनेकडून माझी जास्त अपेक्षा होती. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे वयाच्या रकान्यात नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येतं. केंटकीची १७९० आणि १८०० ची पानं तर उरलीच नाहीत. त्यांची उणीव दरसालच्या करयाद्या भरून काढतात. त्यांत एकर, ओढा, घोडे आणि जमीन मुळात कुणाच्या नावे नोंदली ते सगळं असतं. एका वर्षी आमच्या माणसापुढे जमीन शून्य, घोडे दोन. ते वाचून माझा जीव हळहळला.

त्याच करयादीत गुलामांचेही रकाने आहेत. मूळपुरुषाच्या थोरल्या भावापुढे त्यात आकडा आहे, नाव नाही. पुढे त्या भावाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत एका बाईचं नुसतं पहिलं नाव सापडलं, घोडी आणि माग यांच्या मधल्या ओळीत, पुढे किंमत. सूनबाई म्हणाली, "बाबा, तिचं नाव आपल्या वहीत लिहा." लिहिलं. तिच्या वंशजांपैकी कुणी शोधत असेल तर त्यांना ते मिळावं, म्हणून त्या पानाचा पत्ता तिच्या नावाने वेगळा नोंदवून ठेवला आहे. आणि व्हिन्सेन्सच्या कचेरीने विकलेली आमची जमीन १८०४ च्या तहांनी डेलावेअर आणि पियांकेशॉ या मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, तेही वहीच्या पहिल्याच पानावर आहे. सातबारा लिहायचा तर आधीचा कब्जेदार वगळून चालत नाही.

मागच्या महिन्यात विहीणबाईंना घेऊन त्या सेक्शनवर गेलो. आता मका आणि सोयाबीन. सेक्शनच्या हद्दीवरूनच रस्ता जातो, नकाशा न बघता मला उत्तरेकडचा कोपरा दाखवता आला. शेतमालकाने आत जाऊ दिलं. विहीणबाईंनी डबीत थोडी माती घेतली.

बायबलाच्या पानावरच्या त्या आईचं माहेर अजून लागलेलं नाही. केंटकीत लग्नाच्या वेळी नवऱ्याला हमीपत्र द्यावं लागे आणि जामीन बऱ्याचदा मुलीचा बाप किंवा भाऊ असे, म्हणून सगळी आशा त्या एका कागदावर आहे. एका काउंटी कचेरीला नक्कल मागून अकरा आठवडे झाले, दोनदा आठवणही केली. वॉशिंग्टनहून १८१८ च्या मागणीची फाइलही यायची आहे. दरम्यान त्या ओढ्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांची यादी करायला घेतली आहे. आतापर्यंत एकोणीस घरं झाली, त्यातल्या चौघांना त्या आईच्याच नावाच्या मुली आहेत.