लिब्रीवॉक्सवर आठ महिने

दोन वर्षांपूर्वी मधुमेह माझ्या डोळ्यांच्या पडद्यावर उतरला. इंजेक्शनं झाली, लेसर झालं. माणसं ओळखू येतात, भाजी निवडता येते, पण छापील ओळ हाती लागत नाही. बघावं ते अक्षर नेमकं विरघळतं. मी कराडला एका हायस्कुलात 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. घरात दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत आणि ती नुसती पुसायची, याचं दुःख मी कुणाजवळ फारसं बोलले नव्हते. गेल्या दिवाळीत भाची आली आणि तिने फोनवर लिब्रीवॉक्स, म्हणजे मोठ्याने वाचलेली पुस्तकं ऐकवणारं संकेतस्थळ, लावून दिलं. "मावशी, ऐकून तर बघ. पैसे पडत नाहीत."

खरंच पडत नाहीत. नाव नोंदवायचं नाही, मधे जाहिरात नाही. (त्याच नावाची, दुसऱ्यांनी बनवलेली ॲप आहेत, त्यांत जाहिराती येतात. सरळ त्यांच्या संकेतस्थळावर जावं.) मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅकग्वायर यांनी 2005 साली हे काम सुरू केलं. जोसेफ कॉनरॅडची 'द सीक्रेट एजंट' ही पहिली कादंबरी काही जणांनी प्रकरणं वाटून घेऊन वाचली. आज तिथे 20 हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं आहेत आणि ती सगळी हौसेने वाचणाऱ्यांनी आपापल्या घरी बसून केलेली आहेत. कुणालाही मानधन नाही. वाचलेलं सगळं प्रताधिकारमुक्त, म्हणजे उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर घालून कुणाला द्या, कुणी विचारणार नाही.

मी सुरुवात केली जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ने. एम.ए.ला असताना रात्र रात्र वाचलेली, मग वर्षानुवर्षं उताऱ्यांपुरती उरलेली. या कादंबरीची तिथे अनेक वाचनं आहेत. मी एकाच बाईने सलग वाचलेलं निवडलं. 61 प्रकरणं. प्रत्येकाच्या सुरुवातीला तेच वाक्य येतं: हे लिब्रीवॉक्सचं ध्वनिमुद्रण आहे, ते प्रताधिकारमुक्त आहे, स्वयंसेवक व्हायचं असेल तर अमुक ठिकाणी या. पहिल्या दहा प्रकरणांत मला याचा कंटाळा आला. पुढे ते कीर्तनाच्या आधीच्या नमनासारखं वाटायला लागलं; ते कानावर पडलं की मी पदर सावरून बसायची.

त्या बाईंनी मिस्टर कॉलिन्स, म्हणजे कादंबरीतला तो बढाईखोर पाद्री, असा वाचलाय की मी दुपारी एकटी मोठ्याने हसले. आवाज बदलून नक्कल नाही केलेली. फक्त त्याच्या लांबलचक वाक्यांत त्या जराही घाई करत नाहीत, शेवटच्या 'मॅडम'पर्यंत शांतपणे नेतात. वर्गात मी हेच वाक्य मुलांना समजावताना तोडून तोडून वाचायची, आणि तोडलं की त्यातली गंमत जाते, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

आता जे खटकलं तेही सांगते. अनेकांनी मिळून वाचलेल्या कादंबऱ्या मला जमल्या नाहीत. चौथं प्रकरण ऑस्ट्रेलियन वळणाचं, पाचवं अमेरिकन, सहावं एखाद्या तरुण मुलाचं आणि तेही भरभर. नायिका ओळखीची झाली की आवाज बदलतो. नाटकासारखी पात्रं वाटून केलेली वाचनं असतात, त्यांतही प्रत्येकाने आपल्या घरी वेगळं बोललेलं जोडलेलं असतं. एकाची खोली घुमते, दुसऱ्याची नाही. वाचक कसा वाचतो यावरून कुणाला नाकारायचं नाही, हे त्यांचं धोरण आहे. ते मला मनापासून पटतं, पण ऐकणाऱ्याने त्यामुळे निवडून घ्यायला हवं. नव्या माणसाने 'सोलो', म्हणजे एकट्याने वाचलेलं, असं लिहिलेलं घ्यावं आणि पहिली पाच मिनिटं ऐकून ठरवावं. आवडलेल्या वाचकाच्या नावावर टिचकी मारली की त्याने वाचलेलं सगळं पुढे येतं. मला तर आता पुस्तकापेक्षा वाचक आधी आठवतो.

कवितांचं मात्र उलट आहे. तिथे एकच कविता दहा-पंधरा जण वाचतात आणि ती सगळी वाचनं एकापाठोपाठ एक ठेवलेली असतात. एडगर ॲलन पो या अमेरिकन कवीची 'द रेव्हन' मी अशी वेगवेगळ्या आवाजांत ऐकली. कडव्याच्या शेवटचं 'नेव्हरमोअर' एकाने दरडावून म्हटलं, एकाने नुसतं श्वासावर सोडलं, एका म्हाताऱ्या बाईंनी तर असं म्हटलं की जणू त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. मी तो शेवट चार वेळा मागे नेऊन ऐकला.

मराठीची बाजू अगदीच लंगडी आहे. इंग्रजीच्या डोंगरापुढे आपलं जवळजवळ काही नाही. अमेरिकेत प्रसिद्धीनंतर 95 वर्षं प्रताधिकार राहतो आणि त्यांना तो नियम पाळावा लागतो, म्हणून अलीकडचं काही वाचता येणार नाही हे खरं. पण केशवसुत 1905 मध्ये गेले, बालकवी 1918 मध्ये, हरिभाऊ आपटे 1919 मध्ये. त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं तिकडेही मोकळं आहे आणि इकडेही. 'पण लक्षात कोण घेतो' एखाद्या पुणेरी आजीने सावकाश वाचावी, यमूचं बोलणं त्या काळच्या बायकांच्या लयीत यावं, याची मला फार आस आहे. ज्यांचे डोळे आणि गळा शाबूत आहेत त्यांनी हे मनावर घ्याच. एक बरा माइक, ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर आणि दुपारची शांत खोली एवढ्यावर भागतं. आधी एक मिनिटाचा नमुना पाठवायचा असतो. त्यात आवाजाची पातळी आणि खरखर तपासतात, उच्चार नाही.

मला वाचता येत नाही, पण तिथे ऐकण्याचंही काम असतं. प्रत्येक प्रकरण प्रसिद्ध होण्याआधी कुणीतरी पूर्ण ऐकून चुका कळवतो. साध्या तपासणीला पुस्तक समोर धरावं लागत नाही. वाक्य दोनदा आलं का, फार मोठी शांतता राहिली का, मागे आवाज आहे का, इतकं बघायचं. फाल्गुनात मी एक प्रकरण घेतलं. 11 मिनिटं 42 सेकंदांवर एक वाक्य दोनदा होतं, पहिल्या खेपेला अर्धवट, आणि त्याच्या अलीकडे खुर्चीची करकर. मी फोनवर सांगितलं, भाचीने इंग्रजीतून लिहून पाठवलं. दोन दिवसांनी दुरुस्त केलेली फाईल आली, सोबत वाचणाऱ्याचे आभार.

मी 11 मिनिटांपासून लावून पाहिलं. वाक्य एकदाच होतं. खुर्ची मात्र अजून हलकीशी करकरत होती, आणि मी भाचीला सांगितलं, असू दे, पास कर.