पुढचा ब्रेक ड्रम की डिस्क? घरी स्वतः हात घालणाऱ्यांसाठी

सव्वाशे सीसीपर्यंतची गाडी बघताना हा प्रश्न हमखास येतो, जुनी घेताना तर जास्तच. एप्रिल २०१९ पासून या वर्गातल्या नव्या गाड्यांत निदान सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण पुढच्या चाकात ड्रम हवा की डिस्क, हे आपणच ठरवायचं. मी दोन्ही वापरल्या आहेत. कोणती गाडी किती अंतरात थांबते हे बाजूला ठेवतो. बिघाड झाल्यावर तो घरी सापडतो का, मला त्यावर बोलायचंय.

ड्रमचं काम साधं. केबल, तिने फिरणारा कॅम, त्याने ड्रमला आतून घासणारे दोन शू, स्प्रिंगा. लिव्हर सैल पडला की नट थोडा आवळायचा, चाक हाताने फिरवून घासत नाही ना बघायचं, झालं. ब्रेक ऑइलची भानगड नाही आणि शू कुठेही मिळतात. सपाट रस्त्यावर, गावातल्या गावात फिरणाऱ्याला एवढं पुरेल असं मला वाटतं.

पण आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. पाण्यातून गाडी गेली की पुढचे एकदोन ब्रेक नीट लागत नाहीत. रात्रभर ओली उभी राहिली की आत गंजाचा पातळ थर धरतो आणि सकाळी पहिलाच ब्रेक झटका देतो. मग सुरू होते ती कुईकुई. शू गुळगुळीत झालेत, आत धूळ साचलीय की कॅम कोरडा पडलाय? बाहेरून सगळं सारखंच ऐकू येतं. ब्रेकच्या दांडीजवळचा बाण शू किती झिजले ते सांगतो, आवाज कशाचा ते नाही. ते बघायला मेन स्टँड, मागे वजन, एक्सल, ब्रेकची केबल, मीटरची केबल, असं सगळं सोडवून चाक खाली घ्यायचं. आणि आत निघतं काय, तर कॅमला चिमूटभर ग्रीस हवं होतं. पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा करावं लागलं आणि माझं मन डिस्ककडे गेलं. (आतली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.)

डिस्कमध्ये चाकासोबत फिरणारी चकती दोन पॅड चिमटीत धरतात, आणि मोबाईलचा टॉर्च मारला की पॅड किती उरलेत ते दिसतं. पॅड ज्यात बसतात तो कॅलिपर बहुतेक गाड्यांत दोन बोल्टांवर असतो, चाक न काढता हातात येतो. लक्षणंही वेगवेगळी: लिव्हर स्पंजासारखा लागला तर लाइनमध्ये हवा, एकच पॅड जास्त झिजला तर कॅलिपरच्या पिना जाम, ब्रेक सोडल्यावरही चाक जड फिरलं तर बहुधा पॅड दाबणारा पिस्टन मागे सरकत नाही.

डिस्कची जबाबदारी मात्र जास्त, हे मान्य. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, आणि पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर रंग खातं. लिव्हरजवळच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलंय त्याच डॉटचं (ऑइलचा दर्जा) ऑइल वापरायचं. कॅलिपर बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबायचा नाही. पहिल्यांदा लाइनमधली हवा काढताना जाणकार माणूस शेजारी असलेला बरा.

तरी घाटातून किंवा कोकणातल्या पावसात रोजचं जाणं-येणं असेल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी मी डिस्कच घेईन. जुनी बघायला गेलात तर आधी लिव्हरजवळच्या ऑइलच्या डबीच्या काचेत डोकावा. ऑइल काळपट तपकिरी असेल, तर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.