जिप्सोफिला बियांपासून: आठ महिने, चार पेरण्या

पुष्पगुच्छात गुलाबांच्या आडून डोकावणारी ती बारीक पांढरी फुलं म्हणजे जिप्सोफिला, ज्याला बरेच जण बेबीज ब्रेथ म्हणतात. मला ती आडोशाला नको होती. अख्खी कुंडी तिचीच असावी, एवढ्यासाठी बी आणलं.

पहिली पेरणी वाया गेली. झेंडूच्या सवयीने बी ट्रेमध्ये टाकलं आणि वर बोटाच्या पेराएवढी माती लोटली. दोन आठवड्यांत जेमतेम पाच-सहा रोपं वर आली. या बियांना रुजायला उजेड लागतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आलेली रोपं बोटभर झाल्यावर कुंडीत हलवली, तर ती तिथेच थिजली. एक उपटून पाहिलं तेव्हा कारण कळलं. जिप्सोफिलाचं सोटमूळ सरळ खाली जातं. ट्रेच्या तळाशी ते वळलं होतं आणि काढताना टोकाला तुटलंही होतं.

म्हणून दुसऱ्या वेळी बी थेट कायमच्या जागी, बारा इंच खोल कुंडीत पेरलं. बी अगदी बारीक असतं, चिमटीतून एकाच जागी पडतं, त्यामुळे आधी कोरड्या वाळूत मिसळून घेतलं. वर माती घातली नाही, तळहाताने नुसतं दाबलं आणि रोज फवाऱ्याने ओल राखली. दहाव्या-अकराव्या दिवशी कुंडीभर हिरवे ठिपके! मग विरळणी. जीव होत नाही, पण करावीच लागते. एका कोपऱ्यात मी दाट गर्दी तशीच राहू दिली होती, तिथली रोपं मर रोग (खोड कुजून रोप कोसळणं) लागून तीन दिवसांत आडवी झाली. वीतभर अंतर ठेवलेली सगळी जगली.

मातीचं सगळ्यात महत्त्वाचं. जिप्सोफिला या नावाचा अर्थच ‘जिप्समची आवड असलेली’. तिला किंचित अल्कधर्मी, भरभर निचरा होणारी, फारशी सुपीक नसलेली माती मानवते. मी प्रेमाने मूठ-मूठ गांडूळखत घालत होते आणि झाडं उंच, लुसलुशीत होऊन वाऱ्यात कोलमडत होती. तिसऱ्या पेरणीला मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू घातली, खत जवळजवळ बंद केलं, पाणीही वरची माती सुकल्यावरच दिलं. काड्या ताठ झाल्या. तरी रोपं लहान असतानाच मध्ये चार फांद्या खोचून ठेवाव्यात. फुटवे वाढल्यावर आधार द्यायला गेलं की ते मोडतात.

पेरणीपासून साधारण नऊ आठवड्यांनी पहिली कळी उमलली. त्यानंतरचे दिवस मी रोज सकाळी नुसती तिथे उभी राहायचे. काडी दिसत नाही, फुलं हवेत तरंगल्यासारखी वाटतात. मात्र बहर तीन-चार आठवड्यांत संपतो आणि झाडही आटोपतं. सतत फुलं हवी असतील तर दर पंधरा-वीस दिवसांनी थोडं थोडं बी पेरत राहणं हाच उपाय.

तक्रार आहे ती पाकिटाबद्दल. त्यावर फक्त ‘जिप्सोफिला, पांढरा’ एवढंच होतं. जिप्सोफिलाचे प्रकार वेगवेगळे. माझं निघालं एलिगन्स, म्हणजे एका हंगामाचं. दुसरा प्रकार, पॅनिक्युलाटा, बहुवर्षायू असतं आणि बियांपासून लावलं तर बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतं. ज्याला ते हवंय तो हे पाकीट घेऊन फसेल. ‘ब्रिस्टल फेअरी’सारख्या दुहेरी पाकळ्यांच्या जातींचं तर बियांपासून मूळ झाडासारखंच रोप मिळेल याचा भरवसा नसतो, त्यांची रोपंच आणावीत.

वाळवायची असतील तर निम्मी फुलं उमललेली असताना काड्या कापा, जुडी बांधून अंधाऱ्या, वारा खेळत्या जागी उलटी टांगा. पूर्ण उमलल्यावर कापलेली माझी एक जुडी तपकिरी पडली, लवकर कापलेली अजून पांढरी आहे. कापताना हातमोजे घाला, चिकामुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते. घरात मांजर असेल तर जुडी तिच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा, खाल्ल्यास पोट बिघडतं.

चौथ्या पेरणीची रोपं आता चार पानांवर आहेत. या वेळी दोन कुंड्या जास्त लावल्यात, आणि एकीतही खत घातलेलं नाही.