दुपारचा रेसिपी शो: दिवाळीपासून आखाडापर्यंतचा अनुभव
एका मराठी वाहिनीवर दुपारी लागणारा रेसिपी शो आम्ही दिवाळीपासून नेमाने बघतोय. आम्ही म्हणजे मी, सासूबाई आणि वरच्या मजल्यावरच्या काकू. आवडलेला पदार्थ त्याच आठवड्यात करायचाच, असं ठरलंय.

आधी मसाल्याचं सांगते. शोमध्ये कुठलीही रस्साभाजी असो, आलं-लसूण पेस्ट, लाल तिखट, धनेपूड, गरम मसाला हे ठरलेलंच. आमच्या सांगलीकडं उन्हाळ्यात केलेला कांदा-लसूण मसाला बरणीत असतो. त्यात हे बहुतेक सगळं आधीच भाजून-कुटून गेलेलं असतं, वर सुकं खोबरं आणि टिकायला म्हणून घातलेलं खडं मीठ. त्यामुळं त्यांच्या चार चमच्यांऐवजी आमचा दीड चमचा पुरतो आणि मीठ घालायचं ते अगदी शेवटी, रस्सा चाखून. त्यांच्या मापानं आधीच घातलं तर भाजी खारट झालीच म्हणून समजा. अर्थात त्यांना मुंबईपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना चालेल असं माप द्यावं लागतं.

वेळेचं मात्र काही खरं नाही. 'कांदा परतून घेऊया' म्हणेपर्यंत जाहिराती लागतात आणि परत येईस्तोवर कढईत तेल सुटलेला मसाला तयार! घरच्या गॅसवर तीन-चार कांदे तांबूस व्हायला मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. साहित्याची पाटीही अशी झरकन जाते की काकू मोबाइल हातात धरूनच बसतात.

फायदा झाला तो बारीकसारीक युक्त्यांचा. पालक उकळत्या पाण्यात झाकण न ठेवता दोनच मिनिटं ठेवायचा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचा. झाकण ठेवलं की भाजीतली आम्लं वाफेबरोबर बाहेर न जाता पाण्यातच राहतात आणि हिरवा रंग काळपटतो, असं कारणही सांगितलं. तळलेलं पनीर कोमट मिठाच्या पाण्यात टाकलं की चिवट होत नाही. या दोन्ही गोष्टी आता रोजच्या झाल्यात, मूळ रेसिपी कुठल्या होत्या ते आठवतही नाही.

त्यांच्या वांग्याच्या रेसिपीवर मात्र माझा राग आहे. गणपती पेठेतून मगज बी आणली, काजू भिजवले, वर क्रीम. कृष्णाकाठची कोवळी वांगी त्या पांढऱ्या ग्रेव्हीत पार बुडाली. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, यात वांगं कुठाय?" दुसऱ्या दिवशी उरलेल्या वांग्यांत शेंगदाण्याचा कूट, तीळ, खोबरं आणि आमचाच मसाला भरला, भाकऱ्या कमी पडल्या.

गोडाचे भाग बरे असतात, साखर तेवढी पाव वाटी कमी घाला. सध्या आखाड आहे म्हणून मटणाचे भाग चाललेत. ते आम्ही बघतच नाही. मटणात बाहेरच्याचा सल्ला सासूबाईंना खपत नाही.