जयनगर–जनकपूर रेल्वे: नाशिकहून रुळांवरून नेपाळ, कितपत सोयीचं?

नाशिकरोडहून विमान न पकडता कमी खर्चात परदेशात उतरायचं, तर जयनगर–जनकपूर हा मार्ग सर्वांत सुटसुटीत आहे. पवन एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि थेट बिहारमधल्या जयनगरला जाते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. जयनगरच्या आपल्या स्टेशनाला लागूनच नेपाळ रेल्वेचं स्टेशन आहे आणि तिथून जनकपूर जेमतेम तीस किलोमीटर. पंचवटीच्या सीतागुंफेपासून सीतेच्या माहेरापर्यंतचा हा प्रवास फक्त दोन गाड्यांत होतो.

या मार्गावर 1937 पासून नॅरोगेज गाडी धावत होती, ती 2014 मध्ये बंद पडली. ब्रॉडगेज झाल्यावर 2 एप्रिल 2022 ला सेवा पुन्हा सुरू झाली. गाडीचे डबे आपल्या कोकण रेल्वेने नेपाळला पुरवलेले आहेत, त्यामुळे आत बसल्यावर मराठी माणसाला परकं वाटत नाही. साध्या डब्याचं तिकीट शंभर रुपयांच्या आत असतं, ते खिडकीवरच काढायचं. दिवसभरात फेऱ्या मोजक्याच आणि वेळा बदलत राहतात. म्हणून जयनगरला पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे खिडकीवर दुसऱ्या दिवशीची वेळ विचारणं.

खरी गाठ पडते ती कागदपत्रांशी. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ स्वरूपात हवंच. व्हिसा लागत नाही, म्हणून लोक नुसतं आधार कार्ड घेऊन निघतात आणि तिथेच अडकतात. आधार चालतं ते 15 वर्षांखालच्या मुलांना आणि 65 च्या पुढच्या ज्येष्ठांना. मतदार कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळतंय का, हे घरूनच पाहून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर नक्कीच. ही गाडी फक्त भारतीय आणि नेपाळी नागरिकांसाठी आहे. सोबतच्या नातेवाइकाकडे अमेरिकेचा पासपोर्ट असेल, तर त्यांच्यासाठी दुसरी सीमा धरा.

पवन एक्स्प्रेसचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. छठ आणि उन्हाळ्याच्या सुटीत बिहारकडच्या गाड्या तुडुंब असतात. नाशिकरोडहून वेटिंग दाखवत असेल, तर लोकमान्य टिळक टर्मिनसपासूनचं तिकीट काढून बोर्डिंग नाशिकरोड ठेवा. भाडं थोडं वाढतं, पण गाडी सुटते त्या स्टेशनाच्या कोट्यात जागा मिळण्याची शक्यता जास्त असते. गाडी जयनगरला दुसऱ्या रात्री उशिरा पोहोचते, त्यात उशीर झाला तर मध्यरात्र उलटते. जयनगरमध्ये राहण्याची सोय बेताची आहे. मुलंबाळं किंवा वयस्कर सोबत असतील तर दरभंग्याला उतरून मुक्काम करावा आणि सकाळच्या गाडीने जयनगर गाठावं.

डब्यात चढण्याआधी सामान तपासतात. खोक्यातला नवा कोरा मोबाइल किंवा मिक्सर दिसला की प्रश्न सुरू होतात. भेटवस्तू न्यायचीच असेल तर बिल जवळ ठेवा. सीमेपलीकडचं पहिलं स्टेशन इनरवा. तिथून पुढे घड्याळ 15 मिनिटं पुढे करायचं, नाहीतर परतीची गाडी चुकते.

पैशांचं गणित सोपं आहे: भारतीय 100 रुपयांचे नेपाळी 160. शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा जास्त न्या, त्या सगळीकडे बिनतक्रार घेतात. मार्च 2024 पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण सगळ्या दुकानांत नाही. (हे फोनपे नेपाळचं, आपल्या ॲपचं नुसतं नावाला नाव.) भारतीय सिमचं रोमिंग महाग पडतं. ओळखपत्र आणि फोटो देऊन तिथलं सिम घेणं परवडतं.

जनकपूरसाठी ही रेल्वे उत्तम आहे. काठमांडूला जायचं असेल तर मात्र माझं मत बदलतं. जनकपूरहून काठमांडूचा जवळचा रस्ता म्हणजे बर्दिबास ते धुलिखेल हा बी. पी. महामार्ग. तो अरुंद आणि वळणावळणाचा आहे, मोठ्या बस तिथून जात नाहीत, सुमो किंवा मायक्रोबस धरावी लागते. सप्टेंबर 2024 च्या पुरात रोशी नदीकाठचा भाग वाहून गेला होता. पावसाळ्यात या रस्त्याच्या भरवशावर पुढचं बुकिंग करूच नका. मोठ्या रात्रबस नारायणगढ–मुग्लिनचा लांबचा फेरा घेतात. ज्यांचं मुख्य ठिकाण काठमांडूच आहे, त्यांनी पवन एक्स्प्रेसमधून मुझफ्फरपूरला उतरून रक्सौल–वीरगंज सीमा धरलेली बरी.

परतताना तोच रस्ता घेण्याची गरज नाही. काठमांडूहून बसने सुनौली, सीमा पायी ओलांडून बसने गोरखपूर आणि तिथून काशी किंवा कुशीनगर एक्स्प्रेस, दोन्ही नाशिकरोडला थांबतात. सुनौली ते गोरखपूर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास असलं, तरी सीमेवर ट्रकांची रांग लागते. त्या दिवशी रात्रीचीच गाडी धरा, दुपारची नको.