आठ महिने, सात फेऱ्या: लहान पार्कात दिवस निघतो का?

दिवाळी पाडव्याला सूट होती म्हणून आम्ही चौघांचे वर्षभराचे पास काढून टाकले. माणशी २,४०० रुपये. साताऱ्यापासून पाऊण तासावर, हायवेला लागूनच असलेलं राईडचं आणि पाण्याचं पार्क आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पास अजून चार महिने चालू आहे आणि गेटवरची पोरं आता ओळखीची झालीत. आठ महिन्यांत सात फेऱ्या झाल्या. तेवढ्यात शाळेतल्या, सोसायटीतल्या कितीतरी जणींनी एकच विचारलं, "तिथे अख्खा दिवस निघतो का गं?"

नाही निघत. दहाला आत शिरलात तर दीडच्या सुमाराला पोरं "आता काय?" म्हणून तोंडाकडे बघायला लागतात. पहिल्या दोन फेऱ्यांना मला वाटायचं राईड कमी आहेत, अजून पाच-सहा हव्या होत्या. आता तसं वाटत नाही.

आधी आत काय आहे ते सांगते. कोलंबस, टोरा टोरा, बंपर कार, लहान पोरांची ड्रॅगन ट्रेन, एक बऱ्यापैकी मोठा पाळणा, एक मध्यम आकाराचं रोलर कोस्टर आणि भूतबंगला. भूतबंगल्यात भुतापेक्षा कुबट वासाचीच भीती जास्त. पाण्याच्या बाजूला सहा घसरगुंड्या, वेव्ह पूल, रेन डान्स. कोलंबस पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतल्यापेक्षा थोडा मोठा, पण त्या यात्रेत जी मजा येते ती काही इथे नाही. वेव्ह पूल मात्र छान ठेवलाय. भोंगा वाजला की सगळं पार्क तिकडे पळतं.

चौथ्या फेरीला मुलाला काम लावलं. तो सहावीत आहे, हातात नवं घड्याळ. प्रत्येक राईड सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ वहीत लिहायला सांगितला. दीडपर्यंत १९ राईड झाल्या होत्या, काही दोन-दोनदा. प्रत्यक्ष हललेला वेळ ४१ मिनिटं! गुरुवार होता, रांग कुठेच पाच मिनिटांच्या वर नाही.

आता मोठ्या पार्कचा विचार करा. साताऱ्याहून खोपोलीचं इमॅजिका पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. थीम पार्क २०१३चं, वॉटर पार्क २०१४चं, आणि तिथे दिवस कमी पडतो हे सगळेच सांगतात. पण कुठल्याही मोठ्या पार्कात सुट्टीच्या गर्दीत दिवसाला सात-आठ मोठ्या राईड पदरात पडल्या तरी माणूस खूश असतो. तीन-तीन मिनिटांच्या धरल्या तर वीस-पंचवीस मिनिटं होतात. बाकी दिवस रांगेत, चालण्यात आणि खाण्यात जातो. म्हणजे नुसत्या राईडच्या मिनिटांवर आमचं हे लहान पार्क पुढेच निघतं, आणि तरी दीडला संपतं. तिथे दिवस भरतो त्यात रांगेचाही हात असतो, हे कोणी मोजत नाही.

आमचं पार्क दीडला संपतं ते सावलीमुळे. म्हणजे सावली नसल्यामुळे. राईडच्या भागात झाडं आहेत ती शोभेची, पाम जातीची, अंगावर सावली पडेल अशी नाहीत. बसायला सिमेंटचे बाक, तेही उन्हात. एप्रिलच्या फेरीत दुपारी बाराला त्यावर टेकले आणि तशीच उठले. आडवं व्हायला, लहान बाळाला झोपवायला, म्हाताऱ्या माणसाला तासभर निवांत बसवायला एकच जागा, फूड कोर्ट. आणि तिथे काही घेतल्याशिवाय बसलं की पोऱ्या तीनदा टेबल पुसून जातो.

खाण्याचंही तसंच. पहिल्या फेरीला सासूबाई बरोबर होत्या. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ताकाची बाटली. गेटवर पिशवी उघडली गेली.

"आजी, बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी नाही."

"अरे बाळा, हे बाहेरचं कुठलं? घरचं आहे."

पोरगा हसला, पण डबा काही सोडला नाही. आईंना शुगर आहे म्हटल्यावर एका माणसापुरतं न्यायला दिलं. बाकीच्यांनी आत १२० रुपयांची मिसळ खाल्ली. तिच्यावर फार बोलत नाही, साताऱ्यात राहून ती मिसळ म्हणवत नाही. दुपारी भूक लागली की एक तर ते खा, नाही तर बाहेर पडा. बहुतेक लोक बाहेर पडतात. पार्कवाल्यांना हे दिसत नसेल असं नाही.

जगात हे दुखणं नवं नाही. कॅलिफोर्नियात १९५५च्या डिस्नेलँडसमोर २००१मध्ये डिस्नेने दुसरं पार्क उघडलं, तेव्हा त्यालाही लोक अर्ध्या दिवसाचं पार्क म्हणायचे. पुढे भरपूर पैसा ओतून २०१२मध्ये त्याचा कायापालट केला. आमच्या पार्कवाल्यांनी निदान चार कडुलिंब लावावेत, एवढीच माझी मागणी.

मग आम्हीच दिवसाचे दोन तुकडे केले. दहा ते दीड पार्क, डबा गाडीत, आणि येताना लिंब गावातली बारा मोटेची विहीर. आमच्या तर वाटेवरच आहे. शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४च्या दरम्यान वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली. खोली सुमारे ११० फूट, आणि आत चक्क महाल. मे महिन्यात पायऱ्या उतरताना चौथ्या-पाचव्या पायरीपासून हवा बदलते ती अंगाला कळते. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत दगडाला हात लावला तर गार. आई महालाच्या कमानीत दीड तास बसल्या. मुलं विहिरीत ओरडून आवाज घुमवत होती. पार्कात कधी आईंना दीड तास एका जागी बसलेलं बघितलं नाही.

पास घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. दिवाळीत पास घेणं ही आमची चूक. नोव्हेंबर ते जानेवारी सकाळचं पाणी इतकं गार असतं की मुलं पाय घालून परत येतात. जूनमध्ये पाऊस लागला की कोस्टर बंद, विजा चमकल्या की पाण्याची बाजूही बंद. खरा वापर फेब्रुवारी ते जूनचा पहिला आठवडा. पास फेब्रुवारीत घ्या. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, धागे फिल्टरमध्ये अडकतात. भाड्याच्या नायलॉन कपड्यांकडे बघून मी घरूनच न्यायला लागले. आणि रविवारी संध्याकाळी वेव्ह पूलपाशी नाक झोंबवणारा वास येतो तो क्लोरीन जास्त टाकल्याचा, असं सगळे समजतात. तो बहुतेक क्लोरामाइनचा असतो, घाम आणि नको ते पाण्यात मिसळून क्लोरीनपासून तयार झालेला. सकाळी तो नसतो. आमच्याकडे रसायनशास्त्राच्या मास्तरीण घरातच असल्याने मुलं चार वाजता पाण्यात नसतात.

कोस्टर सातपैकी तीन फेऱ्यांना बंद होतं. वहीच्या कागदावर "मेंटेनन्स चालू आहे" एवढंच. तिकीट काढून आलेल्यांना दहा रुपयेही कमी नाहीत. पासवाल्यांना निदान "पुढच्या वेळी" म्हणता येतं.

धाकटी सात वर्षांची. मोठ्या घसरगुंडीला १२० सेंटिमीटर उंची लागते. दिवाळीत ती दोन बोटं कमी होती. दर फेरीला चप्पल काढून लाकडी जिराफाशेजारी उभी राहायची, मान ताणून. जानेवारीत तर अंबाडा घालून आली होती, तिथल्या मामांनी तो हळूच दाबून बघितला. मेच्या शेवटी एकदाची पट्टीला डोकं लागलं. वर गेली, खाली आली, आणि म्हणाली, "एवढंच?" तरी त्या दिवशी नऊ वेळा गेली. आम्ही दीडऐवजी साडेतीनला निघालो, लिंब राहिलं.

पैशांचं म्हणाल तर रोजचं तिकीट ७००. मी आणि मुलं सातही वेळा गेलो, म्हणजे माणशी फेरीला साडेतीनशेच्या आत पडलं. आमचे हे तीनदाच आले, त्यांना फेरी ८००ला पडली, तिकिटापेक्षा महाग. पुढच्या वर्षी तिघांचाच पास, तोही फेब्रुवारीत. ह्यांनी रविवारी यावं, गेटवर ७०० भरावेत.