नको असलेला अनकॉमन माल: चेस्टमध्ये टाकावा की रिसायकलरमध्ये?

रात्री साडेअकराला भांडुपहून मावसभावाचा फोन आला, फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेमबद्दल. "दादा, लाल सायन्स बंद पडलंय रे. वीज आहे, लोखंड आहे, तरी बंद!" लाल सायन्स म्हणजे संशोधनासाठी लागणारे लाल पॅक, ते बनवायला गिअर लागतात. त्याला स्क्रीन शेअर करायला लावली. गिअरच्या बेल्टच्या टोकाला हिरव्या खुणेचा एकच अनकॉमन, म्हणजे नॉर्मलपेक्षा एक पायरी वरच्या दर्जाचा, गिअर अडकला होता. रेसिपी नॉर्मलची, त्यामुळे इन्सर्टर (माल उचलून मशीनमध्ये घालणारा यांत्रिक हात) त्याला उचलतच नव्हता. दादरला उतरणाऱ्यांच्या वाटेत विरारचा प्रवासी दारात उभा राहावा, तशी मागे सगळी रांग खोळंबली होती.

फॅक्टोरिओमध्ये स्पेस एज या विस्ताराबरोबर क्वालिटी, म्हणजे वस्तूंचे नॉर्मल, अनकॉमन, रेअर असे चढते दर्जे, आली आणि हा प्रश्न बहुतेकांना पडतो: हा माल ठेवायचा की संपवायचा?

चेस्टचा, म्हणजे पेटीत साठवायचा, मार्ग सोपा. इन्सर्टरच्या फिल्टरमध्ये अनकॉमन आणि रेअर निवडायचं आणि बेल्टवरून तो माल बाजूला काढायचा. चेस्ट लगेच भरेल ही भीती मला अनाठायी वाटते. स्टीलच्या चेस्टमध्ये 48 खाने, एका खान्यात 100 गिअर, म्हणजे 4,800. असेंबलर 2 या वस्तू बनवणाऱ्या मशीनमध्ये पहिल्या पातळीची दोन क्वालिटी मॉड्यूल (वरचा दर्जा निघण्याची शक्यता वाढवणारे भाग) असतील तर शंभरात दोनच गिअर वरच्या दर्जाचे निघतात; चेस्ट भरायला सुमारे 2,40,000 गिअर बनवावे लागतील. असेंबलर 3 मध्ये तिसऱ्या पातळीची चार मॉड्यूल लावली की प्रमाण 10 टक्क्यांवर जातं आणि हिशोब 48,000 वर येतो. तेव्हा मात्र लक्ष ठेवावं लागतं, कारण चेस्ट भरली की लाइन पुन्हा बंद. मी स्पीकरचा अलार्म लावतोच.

रिसायकलर, म्हणजे वस्तू मोडून साहित्य परत देणारं मशीन, फुल्गोरा या ग्रहावर गेल्याशिवाय मिळत नाही. शिवाय त्याच्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे: अनकॉमन गिअर टाकला की साधं लोखंड मिळेल. तसं होत नाही, दर्जा खाली येतच नाही. साहित्याचा चौथा हिस्सा परत मिळतो, तोही अनकॉमनच. एका गिअरला दोन लोखंडी प्लेट लागतात, म्हणून शंभर गिअरमागे सरासरी 50 अनकॉमन प्लेट. त्या पुन्हा घातल्या की 12-13 उरतात, मग तीनेक. म्हणून दोन रिसायकलर समोरासमोर ठेवायचे. एकाचा माल दुसऱ्यात जात राहतो आणि हळूहळू संपतो. त्यातच क्वालिटी मॉड्यूल घातली तर उरलेल्यातून रेअरही निघतं, पण मग ते वेचून घ्यायची सोय हवी.

व्हल्कॅनस या लाव्हाच्या ग्रहावर असाल तर लाव्हात टाका, विषय संपला.

माझं मत असं: फुल्गोराच्या आधी चेस्ट, नंतर सुट्या भागांसाठी रिसायकलर. तयार वस्तू मात्र फेकू नका. अनकॉमन सोलर पॅनल 60 च्या जागी 78 किलोवॅट देतं, अनकॉमन अक्युम्युलेटरमध्ये दुप्पट वीज मावते. बेल्टचा वेग मात्र दर्जाने वाढत नाही, तो खुशाल मोडा.

भावाला मी गिअरच्या मशीनमधली मॉड्यूल काढून सोलर पॅनलच्या असेंबलरमध्ये बसवायला लावली. तिथे नॉर्मल निघालं काय नि अनकॉमन निघालं काय, दोन्ही जमिनीवर मांडता येतात, पुढची कुठलीच लाइन अडत नाही. गिअरच्या बेल्टवर उरलेला हिरवा माल एका चेस्टमध्ये गेला. साडेबाराच्या आत लाल सायन्स पुन्हा सुरू झालं.